गावाचा फलक आणि आकड्यांचे चित्र

ग्रामपंचायत कार्यालयात पाऊल ठेवताच समोरच्या भिंतीवर एक-दोन मोठे फलक दिसतात. गावाची लोकसंख्या, भौगोलिक क्षेत्र, कुटुंबांची संख्या, विहिरी, हातपंप, शाळेचा पट, निरनिराळ्या योजनांचे लाभार्थी इत्यादी माहिती त्यांवर सुबक अक्षरांत रंगविलेली असते. फलकावर खर्च झालेला असतो आणि तपासणीस येणारे अधिकारी त्याविषयी समाधानही व्यक्त करतात. तथापि, दाखल्यासाठी बाकावर तासभर बसलेला ग्रामस्थ तो फलक वाचतो काय, आणि वाचलाच तर आपल्या गावाविषयी नवे असे त्याला काय कळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामकाजाची माहिती, कोणी मागण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. ती प्रसिद्ध करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काची सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करावा, असेही त्याच कलमात म्हटले आहे. यांपैकी पहिला भाग आपण पाळतो. दुसऱ्या भागाकडे मात्र सजावटीची बाब म्हणून पाहण्याची सवय जडलेली आहे. माहिती कार्यालयात तयार व्हावयाची आणि रंगाऱ्याने तिला रंग द्यावयाचा, अशी ही विभागणी होय. प्रस्तुत लेखकानेही सेवेच्या आरंभीची काही वर्षे याच समजुतीने काम केले.

मोठा टँकर

एका तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनासाठी पाणीटंचाईविषयी तक्ता करावयाचा होता. एका गावाला आदल्या उन्हाळ्यात दररोज टँकरच्या तीन खेपा लागत. त्या वर्षी सहा लागल्या. नुसते आकडे रुक्ष वाटतील म्हणून चित्रकाराकडून दोन टँकर काढून घेतले. दुसरा टँकर पहिल्याच्या दुप्पट लांब व दुप्पट उंच. तक्ता देखणा झाला, अशी सर्वांची पसंती मिळाली. प्रदर्शन पाहावयास आलेले एक वयोवृद्ध शेतकरी मात्र त्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, एवढा मोठा टँकर आमच्याकडं कधी आला? आला तो नेहमीचाच. फेऱ्या तेवढ्या वाढल्या."

त्या गृहस्थांनी नकळत संख्याशास्त्रातील एक महत्त्वाचा दोष दाखवून दिला होता. चित्राची लांबी व उंची दोन्ही दुप्पट केली की कागदावर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. आणि पाहणारा त्या चित्रात खरी टाकी कल्पू लागला, तर त्याच्या मनात तिचे आकारमान आठपट होते. आकडा दुपटीचा, चित्र चौपटीचे आणि समज त्याहूनही मोठा, असा तो प्रकार झाला होता. खाली आकडे बरोबर लिहिलेले होते, एवढे समर्थन त्यावर पुरेसे नाही. कारण चित्र आधी पाहिले जाते आणि आकडा नंतर, तोही वाचला गेला तर.

या दोषावरील उपाय व्हिएन्ना येथे सुमारे शंभर वर्षांपूर्वीच शोधला गेला होता, हे पुढे वाचनात आले. ऑटो नॉयराट या विचारवंताने १९२५ साली त्या शहरात समाज व अर्थव्यवहार यांविषयीचे संग्रहालय उभारले. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरापुढे निवारा, क्षय, बालमृत्यू असे प्रश्न उभे होते, आणि त्यांची आकडेवारी कामगारांना कळावी, हा संग्रहालयाचा एक प्रमुख हेतू होता. नॉयराट यांचा नियम साधा होता: मोठी संख्या दाखवावयाची तर चिन्ह मोठे करावयाचे नाही, त्याच आकाराची अधिक चिन्हे काढावयाची. तीन खेपांसाठी तीन टँकर, सहांसाठी सहा, सारख्या आकाराचे व एकाखाली एक रांगेत. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने या पद्धतीसाठी अत्यंत साधी, ठसठशीत चिन्हे तयार केली. पुढे १९३५ पासून ही पद्धत 'आयसोटाइप' या नावाने ओळखली जाऊ लागली.

या संग्रहालयाची आणखी एक गोष्ट आपल्या कार्यालयांनी लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे आकडेवारीचा तज्ज्ञ आणि चित्रकार या दोघांच्या मध्ये एक तिसरी व्यक्ती काम करीत असे. मारी रायडेमाइस्टर या विदुषी हे काम पाहत. आकड्यांच्या ढिगातून लोकांना नेमके काय दाखवावयाचे, कशाची तुलना कशाशी करावयाची आणि काय गाळावयाचे, हे ठरविणे हा त्यांच्या कामाचा भाग. आपल्याकडे अशी व्यक्ती बहुधा नसते. सांख्यिकी शाखेकडून आलेला तक्ता जसाच्या तसा रंगाऱ्याकडे जातो. हे मधले काम शिक्षकाने, ग्रामपंचायत सदस्याने किंवा माहिती अधिकाऱ्याने करावयाचे आहे. त्यासाठी चित्रकला येण्याची आवश्यकता नाही.

७.२ किलो

आपल्या राज्यातील प्रत्येक अंगणवाडीत एक आलेख आहे. आकड्यांचे चित्र माणसाच्या आयुष्याशी किती जवळून निगडित असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील इलेशा येथे काम करीत असताना बालकांच्या वजनाचा आलेख आईजवळच ठेवण्याची पद्धत विकसित केली. तिचेच रूप आपल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांवर आधारलेल्या सध्याच्या आलेखात हिरवा, पिवळा व नारिंगी असे तीन पट्टे आहेत. आडव्या रेषेवर वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन किलोत. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा.

समजा, एका मुलीचे वजन नवव्या महिन्यात ७.२ किलो भरले. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या महिन्यातही ते ७.२ किलोच राहिले. मुलींच्या आलेखात हिरव्या पट्ट्याची खालची कड नवव्या महिन्यात ६.५ किलोवर असते, तर बाराव्या महिन्यात ती ७.० किलोवर येते. म्हणजे चारही महिने ही मुलगी हिरव्या पट्ट्यातच राहिली. मासिक अहवालात 'सर्वसाधारण' या रकान्यात तिची चार वेळा गणना झाली. रकाना खोटा नाही. परंतु चौदाव्या महिन्यात ती कड ७.४ किलोवर जाते, आणि वजन तेच राहिले तर एक ग्रॅमही न घटता ती मुलगी पिवळ्या पट्ट्यात जाते. अहवालाच्या दृष्टीने ती त्या महिन्यात एकाएकी कुपोषित झाली. वस्तुतः तिची वाढ पाच महिन्यांपूर्वीच थांबलेली होती.

आता हेच आकडे आलेखावर ठिपक्यांनी मांडून रेषेने जोडले असता काय दिसते? पट्टे वर चढत आहेत आणि मुलीची रेषा मात्र आडवी जात आहे. अकराव्या महिन्यात, तीन ठिपके जुळताच हे दिसू लागते. कोणतेही गणित करावे लागत नाही. वाचता न येणाऱ्या आईलाही रेषा चढत नाही हे दिसते. हगवण होऊन गेली काय, वरचे अन्न सुरू झाले काय, दिवसातून किती वेळा भरवले जाते, हे विचारण्याची वेळ ती असते. चौदाव्या महिन्यापर्यंत थांबण्याचे कारण नसते.

म्हणूनच सेविकांच्या प्रशिक्षणात, ठिपका कोणत्या पट्ट्यात आहे याइतकेच रेषा कोणत्या दिशेने जात आहे यावर लक्ष देण्यास शिकविले जाते. प्रत्यक्षात वरिष्ठ कार्यालयांकडून विचारणा होते ती बहुतेक वेळा पट्ट्याची, कारण पट्ट्यांची बेरीज करता येते आणि दिशेची करता येत नाही. २०२१ पासून नोंदी पोषण ट्रॅकर या प्रणालीत भ्रमणध्वनीवर होऊ लागल्या आहेत आणि कामाचा वेग वाढला आहे. तथापि, भ्रमणध्वनी सेविकेच्या हातात असतो. माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेख आईच्या घरी असतो, आणि तिने तो पाहावा हाच त्याचा मूळ हेतू. कार्डावरील तो आलेख कोरा राहू लागला, तर प्रणालीत नोंद पूर्ण असूनही माहिती जिच्यासाठी होती तिच्यापर्यंत पोहोचली नाही, असेच म्हणावे लागेल.

पाहणारा कोण?

चित्र कोणासाठी, हा प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना फार नेमका कळला होता. १८५४ ते १८५६ या काळातील क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिकांचे मृत्यू जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांमुळे कितीतरी अधिक झाले, हे त्यांनी रुग्णालयात स्वतः पाहिले होते. परत आल्यावर १८५८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकृत्यांत प्रत्येक महिन्यासाठी वर्तुळाचा एक खंड आहे: रोगांसाठी निळा, जखमांसाठी लाल आणि इतर कारणांसाठी काळा रंग. निळ्या रंगाने आकृतीचा बहुतांश भाग व्यापलेला दिसतो. सेनेच्या आरोग्यव्यवस्थेत सुधारणा करण्याचा निर्णय ज्यांच्या हाती होता, त्या मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी एका दृष्टिक्षेपात ही गोष्ट पाहावी, अशी त्यांची योजना होती. सविस्तर कोष्टके वाचावयास अशा व्यक्तींना सवड नसते, हे त्या जाणून होत्या. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यविषयक चौकशीतही पुढे त्यांनी मोठा वाटा उचलला. त्या आयोगाचा अहवाल १८६३ साली बाहेर आला.

त्यांच्या आकृतीची नक्कल आज करावी काय? नम्रपणे, नाही. खंडांच्या क्षेत्रफळाची तुलना डोळ्याला अवघड जाते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांच्या आधारे दाखविले की, एकाच रेषेपासून उभ्या केलेल्या पट्ट्यांच्या उंचीतील फरक माणूस बराच अचूक ओळखतो. कोन व क्षेत्रफळ यांतील फरक ओळखताना तो अधिक चुकतो. सभागृहांतून लावल्या जाणाऱ्या अनेक रंगी वृत्तालेखांचे प्रयोजन, या दृष्टीने पाहता, फारसे उरत नाही. आठ-दहा फाकांचा वृत्तालेख कोणालाच वाचता येत नाही, आणि प्रत्येक फाकेवर टक्केवारी लिहावी लागते हीच त्याची कबुली आहे.

स्तंभालेखातही एक पथ्य पाळावे लागते. महाराष्ट्राची साक्षरता २००१ च्या जनगणनेत ७६.८८ टक्के व २०११ च्या जनगणनेत ८२.३४ टक्के होती. स्तंभांची सुरुवात शून्याऐवजी ७५ पासून केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ चौपट उंच दिसेल. प्रगती दाखविण्याच्या उत्साहात असे घडते. हेतू वाईट असतोच असे नाही. पण याच आकडेवारीत दाखविण्याजोगी खरी गोष्ट निराळी आहे. पुरुषांची साक्षरता ८५.९७ वरून ८८.३८ टक्क्यांवर गेली आणि स्त्रियांची ६७.०३ वरून ७५.८७ टक्क्यांवर. दोहोंतील अंतर सुमारे १९ वरून १२.५ टक्क्यांवर आले. शाळेच्या भिंतीवर हे अंतर काढले, तर किती कापले आणि किती उरले हे दोन्ही दिसेल, आणि स्तंभ फुगवावा लागणार नाही.

पाण्याचे चौकोन

आता गावाच्या फलकाकडे वळू. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पावसाची नोंद ठेवून, पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली, हे सर्वश्रुत आहे. अन्य अनेक गावांतही असे ताळेबंद तयार होतात. ते बहुधा 'टीसीएम' या एककात, म्हणजे हजार घनमीटरमध्ये, लिहिलेले असतात. सभेत आकडा वाचला जातो, माना डोलतात आणि विषय पुढे सरकतो.

एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर गावाने पाहिलेला आहे. तेव्हा एक टीसीएम म्हणजे असे १०० टँकर. फलकावर १०० टँकरसाठी एक चौकोन काढावयाचा, असे ठरवू. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. दीड हजार लोकवस्तीच्या गावाला त्या हिशेबाने दररोज ८२,५०० लिटर, म्हणजे सव्वाआठ टँकर, आणि वर्षाला सुमारे ३० चौकोन लागतील. एक एकर शेतात पाच सेंटिमीटर खोलीची एक पाणीपाळी दिली, तर सुमारे दोन लाख लिटर म्हणजे २० टँकर पाणी लागते. म्हणजेच पाच एकरांची एक पाळी हा एक चौकोन झाला.

उदाहरणादाखल, गावाजवळ पावसाळ्यानंतर १८० चौकोन पाणी आहे असे धरू. (जनावरांचे पाणी व बाष्पीभवन येथे सोयीसाठी वगळले आहे, प्रत्यक्ष ताळेबंदात ते धरावेच लागते.) पिण्याचे ३० चौकोन निळ्या रंगाने प्रथम भरावेत. उरले १५०. गावाचा मनोदय दोनशे एकर गव्हाचा आणि पाच पाळ्यांचा असेल, तर लागतील २०० चौकोन. ५० चौकोन भिंतीवर रिकामेच राहतात. ते रिकामे काढावयाचेच, गाळावयाचे नाहीत. ऑक्टोबरमधील ग्रामसभेत, पेरणीपूर्वी, सर्वांनी पाहावयाचे आहेत ते हेच चौकोन. गव्हाऐवजी काही एकरांत कमी पाळ्यांवर येणारा हरभरा घ्यावयाचा, की क्षेत्र कमी करावयाचे, की रिकामे चौकोन पिण्याच्या निळ्या चौकोनांतून भरू द्यावयाचे आणि मार्चपासून टँकरची मागणी करावयाची, हा निर्णय फलक घेत नाही. तो ग्रामसभेनेच घ्यावयाचा आहे. मात्र एका एकराची एक पाळी म्हणजे साऱ्या गावाचे अडीच दिवसांचे पिण्याचे पाणी, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर चर्चेचा सूर पालटतो.

याच भिंतीवर लोकसंख्या, क्षेत्रफळ व लाभार्थी यांची यादीही असावी, असा आग्रह धरला जाईल. ती दुसऱ्या भिंतीवर असू द्यावी. एका फलकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे.

रंगाऱ्याशी बोलताना

अक्षरांविषयी थोडे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येतात. ओळी जवळ घेतल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. तेव्हा ओळींत मोकळी जागा ठेवावयास सांगावे, भले एक ओळ कमी बसली तरी चालेल. वळणदार, सावली दिलेली अक्षरे दुकानाच्या पाटीला शोभतात. माहितीच्या फलकावर साधे, जाड व सरळ अक्षर बरे. हाताने रंगविलेल्या फलकांवर १ आणि ९ यांची गल्लत होते, तेही तपासावे. आकडे एकाखाली एक लिहिताना एककाखाली एकक यावा. ३७,४६,८१२ रुपये असे लिहिण्याऐवजी फलकावर साडेसदतीस लाख म्हटल्याने हिशेबात काही बिघडत नाही; पूर्ण आकडा नोंदवहीत असतोच.

रंग मोजके असावेत, आणि केवळ रंगावर अर्थ सोपवू नये. लाल व हिरव्यातील भेद ज्यांना ओळखता येत नाही अशा व्यक्ती, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या गावात असतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवा व मांसाहारासाठी तपकिरी असे दोन्ही ठिपके पूर्वी गोलच असत; २०२० च्या विनियमांत मांसाहाराचे चिन्ह त्रिकोणी करण्यात आले, त्यामुळे रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून फरक कळतो. पाण्याच्या फलकावर निळे चौकोन भरीव, शेतीचे चौकोन तिरप्या रेघांचे व तुटीचे कोरे काढले, तर रंग उडाल्यावरही फलक वाचता येईल. दोन पावसाळ्यांत रंग उडतोच.

फलक पक्का करण्यापूर्वी तो कागदावर काढून, ज्याचा या कामाशी संबंध आला नाही अशा एखाद्या ग्रामस्थाला किंवा सातवीतील विद्यार्थिनीला दाखवावा आणि शीर्षक झाकून, "यात काय दिसतं?" एवढेच विचारावे. आपण समजावून सांगू नये. मोठ्या टँकरचा तक्ता प्रदर्शनाला जाण्यापूर्वी असा कोणाला दाखविला असता, तर त्या गृहस्थांना तो प्रश्न विचारावा लागला नसता.

भिंतीचा एक भाग काळा रंगवून खडूसाठी मोकळा सोडावा. विहिरीतील पाण्याची पातळी दर महिन्याला बदलते. ती तेलरंगात लिहिली तर पुढल्या महिन्यात खोटी ठरते. पातळीशेजारी मोजणीची तारीख आणि कोणत्या विहिरीवर मोजले ते लिहावे. एखाद्या महिन्यात मोजणी झाली नाही, तर मागील आकडा तसाच न ठेवता ती जागा पुसून रिकामी ठेवावी.